चांदणीच्या बरगड्या आणि चौगुलेबाई

चौगुलेबाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी फ्रिज उघडायच्या. यजमानीण "बसा हं" म्हणेपर्यंत बाई स्वयंपाकघरात पोचलेल्या असायच्या आणि दह्याचं भांडं त्यांच्या नाकाशी असायचं. डोळे मिटून एक लांब श्वास. मग निकाल. "सूनबाई रागात होती विरजताना." किंवा, "हे दही न्हवं, ही तक्रार आहे." एकदा आमच्या घरी त्यांनी भांडं हुंगलं, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि काहीही न बोलता झाकण लावलं. ते मला अजून झोंबतं.

उभा जन्म त्यांनी कोल्हापूरकडच्या एका डेअरीच्या दही विभागात काढला होता. निवृत्त झाल्या त्या विभागप्रमुख म्हणून. मुलीजवळ राहायचं म्हणून नेरूळला आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि सामान लागतंय न लागतंय तोच मुलीची बदली बंगळुरूला झाली. मुलगी गेली, बाई राहिल्या. उंच, आडव्या बांध्याच्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, पदर कमरेला खोचलेला. कोल्हापूरच्या बायकांसारख्या स्वतःबद्दल "मी येतो, मी बघतो" असं बोलायच्या. पहिल्यांदा ऐकणारा मागे वळून बघायचा, कोण गृहस्थ आले म्हणून.

त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो त्या लिफ्टमध्ये, जिन्यात, वार्षिक सभेत, कुठेही मांडायच्या. "पोट म्हणजे सोसायटी. माणसाचं असू दे न्हाईतर म्हशीचं. आत डोळ्याला न दिसणारे मेंबर राहतात. वरून तुम्ही काय टाकता याला किंमत न्हाई, आतले मेंबर त्याचं काय करतात यावर सगळं. आणि मेंबर एकदम बदलायला गेलात की भांडणं. भांडणं झाली की पाणी बंद, ड्रेनेज चालू." हे त्या भर सभेत म्हणाल्या तेव्हा आमचे खजिनदार वैतागून म्हणाले, "बाई, विषय गच्चीच्या गळतीचा आहे." बाई म्हणाल्या, "मी पण तेच सांगतोय."

अशा बाईंच्या आयुष्यात घोडी कशी आली ते आता सांगतो.

नवी मुंबईची थंडी म्हणजे सकाळी आठवडाभर स्वेटर मिरवायची सोय. पण घोडीवाल्याच्या भाषेत थंडी म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यावर सुरू होणारी लग्नसराई. आमच्या बी विंगमधल्या सावंतांच्या मुलाची वरात गेटवर अडकली होती, कारण डीजेचा टेम्पो आणि पाण्याचा टँकर समोरासमोर आले होते. नवरदेव घोडीवर, घोडी जरीच्या झुलीखाली, झुलीला आरसे, आरशांत दिवे. सगळे नाचत होते. चौगुलेबाई नाचणाऱ्यांतून सरळ चालत गेल्या आणि त्यांनी भर वरातीत घोडीची झूल उचलली.

सावंतांच्या मुलाला वाटलं, काहीतरी विधी आहे. त्याने हात जोडले.

झुलीखाली बरगड्या होत्या. एकेक वेगळी दिसत होती, आमच्या गच्चीवरच्या पत्र्यासारखी.

"हिला जेवू कोण घालतं?" बाईंनी विचारलं.

लगाम धरून उभा असलेला माणूस पुढे आला. हा हाशा पाटील. शिरवणे गावातला, पन्नाशीचा. बाप पनवेलला टांगा हाकायचा, तेव्हापासून घरात घोडं. आता एकच घोडी उरली होती, तिचं नाव चांदणी.

"मावशी, झूल टाक खाली," हाशा दातओठ खात म्हणाला. "लोकं बघतान. खायला माज्यापेक्षा जास्त खाते ती. पन अंगाला लागत नाय, मी काय करू?"

"काय खाते?"

"चना खाते. बालदी भरून. अजून काय देऊ, बिर्यानी?"

टँकर हलला, डीजे गरजला, वरात पुढे गेली. बाई मात्र तिथेच उभ्या. मला म्हणाल्या, "देसाई, उद्या सकाळी शिरवण्याला जायचंय. पायात बूट घाला." मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. बाईंच्या कामात माझा वाटा तेव्हापासून तोच राहिला: पिशवी धरणे.

शिरवण्याच्या मागच्या अंगाला, जिथे गाव संपतं आणि कारखान्यांच्या भिंती सुरू होतात, तिथे हाशाचा पत्र्याचा तबेला. चांदणी मान खाली घालून उभी होती. हाशाने दिवसाउजेडी खरं काय ते सांगितलं. पावसाळ्यात हिरवं गवत असतं तोवर घोडी बरी असते. दिवाळी झाली की गवत संपतं, लग्नं सुरू होतात आणि घोडी वाळायला लागते. मग तो आणखी चणा घालतो, आणि ती आणखी वाळते. यंदा दोन पार्ट्यांनी फोटो बघून बुकिंग फिरवलं. "लोकांना घोरी गुटगुटीत लागते. नवरा कसा बी चालतो." भिवंडीकडचा एक वीटभट्टीवाला तिला मागत होता. सराई संपली की तो पिकअप घेऊन येणार होता.

"भट्टीवर विटा वाहणार ही?" बाईंनी विचारलं.

"मंग काय करू मावशी? मना काय आनंद हाय? हिला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलीय. पन उभी करून ठेवली तर खायला कोन घालनार?" एवढं म्हणून हाशा उगाचच खरारा शोधायला आत गेला.

बाईंनी चांदणीच्या कपाळावर हात ठेवला. "सराई संपेपर्यंत मला दे हिचं पोट," त्या म्हणाल्या. "घोडी तुझी. पोट माझं."

इथून पुढे बाई जिंकत गेल्या असं तुम्हाला वाटत असेल तर थांबा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्टीलची बादली भरून दही नेलं. स्वतः विरजलेलं, गूळ कालवलेलं. "दुनियेतलं कुठलंही पोट या दह्यापुढं हात जोडतं," असं म्हणत त्यांनी बादली चांदणीपुढे धरली. चांदणीने बादली चाटून आरशासारखी केली. बाई माझ्याकडे वळून अशा हसल्या की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी वाजवल्याही.

त्याच्या पुढच्या सकाळी हाशा आमच्या बिल्डिंगखाली उभा राहून ओरडत होता. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

"मावशी! खाली ये! तुजी सोसायटी भाईर आली! पार भिंतीपर्यंत आली!"

खारघरहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, चटपटीत, हसऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं, रिकामी बादली पाहिली आणि तोंडावर रुमाल धरला. मग म्हणाल्या, "आजी, शिंगराला चालतं ते मोठ्या घोडीला नाही चालत. एवढं दही तिला पचत नाही."

डेअरीच्या दही विभागाच्या माजी प्रमुखांना दह्याबद्दल कोणी असं सांगितल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. बाईंनी रिकामी बादली नाकाशी नेऊन हुंगली. मग म्हणाल्या, "मी हरलो न्हाई. माझं दही हरलं. बोला डॉक्टर, आता काय करायचं?" आणि पदर खोचून, पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीसारख्या ऐकायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी चांदणीचं तोंड उघडून दात दाखवले. कडा सुरीसारख्या झाल्या होत्या, चावताना गालाला लागत होत्या. त्या कानशीने घासून घेतल्या. जंताचं औषध दिलं. चण्याची बादली बघून म्हणाल्या, "ही सगळ्यात आधी कमी करा, पण हळूहळू. घोडीचं पोट गवतावर चालतं. गवतावर जगणारे तिचे जंतू वेगळे, आणि चण्याचा ढीग पडला की ते मरतात. मग खाल्लेलं सगळं फुकट." मग एक पावडर लिहून दिली. जिवंत यीस्ट, घोड्यांसाठी केलेलं. "हे प्रोबायोटिक. पण हे चिमूटभर मीठ समजा, जेवण नव्हे. जेवण म्हणजे गवत."

"म्हणजे माझंच म्हणणं बरोबर," बाई म्हणाल्या. "फक्त मेंबर वेगळे."

मग बाईंचा नवा दिनक्रम सुरू झाला. आमच्या सोसायटीतले निवृत्त लोक सकाळी गार्डनमध्ये हसण्याचा वर्ग करायचे, तेव्हा चौगुलेबाई शिरवण्याच्या रस्त्याला लागलेल्या असायच्या. चांगलं सुकं गवत दिवसभर पुढ्यात. चण्याची बादली हळूहळू मुठीवर आली. त्याऐवजी शिजवलेले जवस, थोडा कोंडा, वर तेलाची धार, आणि त्यात ती पावडर. थंडीत घोडी पाणी कमी पिते आणि मग पोट अडतं, म्हणून सकाळी कोमट पाणी. हाशा आधी हसला. "मावशी, आमच्या आयशीला आमी कवा कोमट पानी नाय दिला." पण पाणी तापवायला लागला.

शिंप्याची टेप घेऊन बाई चांदणीच्या छातीचा घेर मापायच्या, आणि माप झालं की बरगड्यांवरून पंजा फिरवायच्या. "बरगडी हाताला लागली पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये," हा त्यांचा नियम. तो त्यांनी घोडीपुरता ठेवला नाही. एकदा लिफ्टमध्ये, चार माणसांसमोर, माझ्या कुशीवर हात ठेवून म्हणाल्या, "देसाई, तुमची तर हातालाही लागत न्हाई."

चांदणी भरायला लागली. कातडीला चमक आली. हाशा मला हळूच म्हणाला, "साहेब, म्हातारी खरी हाय." आणि मग पुढच्या लग्नानंतर टेप परत जिथल्या तिथे. लीद पातळ, मान खाली, गवताकडे पाठ. पुन्हा सावरलं, पुन्हा लग्न, पुन्हा तेच. सराई अर्धी उलटून गेली होती. भट्टीवाल्याचा फोनही येऊन गेला.

"लग्नात काय होतं?" बाईंनी हाशाला विचारलं.

"काय व्हनार? नाचतान. नवरा बसतो. नवरा उतरतो."

"आणि घोडी?"

"घोरी काय, उभी."

बाईंचा विश्वास बसला नाही. पुढचं लग्न तुर्भ्याच्या एका हॉलमध्ये होतं. बाई पैठणी नेसल्या, नथ घातली, आणि मला कोट घालायला लावून माझ्यासह बिनबोलावता वरातीत शिरल्या. मुलीकडचे आम्हाला मुलाकडचे समजले आणि मुलाकडचे मुलीकडचे. दोघांनीही अत्तर लावलं. बाई घोडीच्या बाजूने नाचत नाचत चालल्या, नजर फक्त तिच्या तोंडावर.

आणि तिथे आम्ही जे पाहिलं ते तुम्हीही हजार वेळा पाहिलंय. वरात निघताना नवऱ्याच्या आत्याने भिजवलेल्या चणाडाळीची परात घोडीपुढे धरली, वर गुळाचे खडे. घोडीने परात रिकामी केली. मग मामीची परात आली, कारण आत्याने भरवलं आणि मामी मागे राहिली असं कसं चालेल? पुढे चौकात कोणीतरी जिलबी. मग पेढे. मग एका काकांनी प्रेमाने आख्खा लाडू. लहान मुलांनी कॅडबरी. सगळे आशीर्वाद घेत होते आणि चांदणी कोणालाच नाही म्हणत नव्हती. हाशा पुढे तोंड करून लगाम धरून होता. त्याने जन्मभर घोडीच्या पुढे बघितलं होतं, तोंडात काय जातं ते नाही.

"देसाई," बाई नाचता नाचताच माझ्या कानात ओरडल्या, "एका रात्रीत सगळे मेंबर हाकलून देतात हे लोक!"

आता प्रश्न असा होता की डाळ भरवणं बंद कसं करायचं. पुढच्या लग्नात बाईंनी आत्याबाईंना अडवून पाहिलं. आत्याबाई डोळे वटारून म्हणाल्या, "अहो, शास्त्र आहे!"

"शास्त्र तिच्या तोंडापर्यंतच हाय, बाई," चौगुलेबाई म्हणाल्या. "तोंडाच्या पुढं मी निस्तरतोय."

पण भांडून लग्न सुरळीत होत नाही हे त्यांनाही कळत होतं. मग त्यांना एक युक्ती सुचली आणि ती सांगताना त्या तबेल्यात स्वतःभोवती गोल फिरल्या. "हाशा, उद्या सगळ्यांना सांगायचं, घोडीचा उपास आहे. उपासाच्या जिवाला कोण आग्रह करतंय?"

हाशाला पटलं. मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने परात घेऊन आलेल्या पहिल्याच मावशींना हात जोडून सांगितलं, "ताई, माफ करा, आज चांदनीचा उपास हाय."

मावशींनी परात लगेच मागे घेतली. चेहऱ्यावर भक्तिभाव. "अगं बाई, हो का? कुठला?"

हाशा गडबडला. "गुरवार."

"आज मंगळवार आहे."

"तो पन करते."

मावशी आत गेल्या. बाईंनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मावशी परत आल्या. हातात साबुदाण्याच्या खिचडीची परात, मागोमाग राजगिऱ्याचे लाडू घेतलेल्या दोघी, आणि त्यांच्यामागे केळ्यांचा घड घेऊन खुद्द नवऱ्याचे वडील. ते म्हणाले, "उपाशी जिवाला आमच्या दारातून तसंच कसं पाठवायचं?"

त्या दिवशी चांदणीने नेहमीपेक्षा जास्त खाल्लं.

मी बाईंना हताश झालेलं फक्त त्या संध्याकाळी पाहिलं. तबेल्यातल्या पेंढीवर बसल्या होत्या, गुडघ्यावर हात. "माणसं वाईट असती तर सोपं होतं हो," त्या म्हणाल्या. "ही तर मायेनं मारायला लागली आहेत." चांदणी पोट आत ओढून उभी होती. हाशा म्हणाला, "मावशी, जाऊ दे. तू लय केलंस." हे तो अशा आवाजात म्हणाला की बाई ताडकन उठल्या. बैलाची एक जुनी दोरीची मुसकी भिंतीवर लटकत होती. मळणीत बैलाने धान्य खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ती. बाईंनी ती काढून घेतली आणि पिशवीत, म्हणजे माझ्या हातात, टाकली.

त्यांनी ती मुसकी आपल्या एका जुन्या शालूच्या जरीने मढवली. कडेने मोती लावले, घुंगरं लावली, दोन्ही बाजूंना मुंडावळ्यांसारखे सर सोडले. पुढच्या लग्नाआधी चांदणीने तबेल्यात आणि मांडवाबाहेर डीजेच्या टेम्पोजवळ पोटभर गवत खाल्लं. मग बाईंनी स्वतःच्या हाताने ती मुसकी तिला बांधली आणि दोन पावलं मागे सरल्या.

"हाशा, आता कोण काय म्हणतंय बघू."

कोणी काहीच म्हटलं नाही. परात घेऊन आलेली करवली घोडीकडे बघून थबकली आणि किंचाळली, "अय्या, घोडीला पण मुंडावळ्या!" परात बाजूला ठेवली गेली आणि मोबाइल बाहेर निघाले. आत्याबाई पुढे झाल्या तेव्हा बाईंनी अदबीने मुसकीची एक दोरी सैल केली, परातीतली डाळ चिमटीत घेऊन आत्यांच्या हातावर ठेवली, आत्यांनी तेवढीच चांदणीच्या ओठाला लावली, हळद-कुंकू वाहिलं, आणि दोरी पुन्हा घट्ट. शास्त्र झालं. जिलबी आली आणि परत गेली. पेढे आले, परत गेले. काकांनी लाडू घोडीच्या नाकाशी नेला, जाळी पाहिली, थोडा विचार केला आणि स्वतः खाल्ला.

सकाळी लीद घट्ट होती. हाशाने मला लिदीचा फोटो पाठवला. मी तो नाश्ता करताना उघडला, तो भाग सोडून देऊ.

त्यानंतर लोक फोन करून विचारू लागले, "ती मोत्यांच्या मुसकीवाली घोडी तुमचीच ना?" टेप पुढे सरकत गेली आणि मागे आली नाही. उन्हं चढायला लागली, सराई संपत आली, तोवर चांदणीच्या पाठीमागचा खळगा भरला होता. बरगड्या शोधायला बोटं लावावी लागत होती.

आणि मग भट्टीवाला आला. पिकअप घेऊनच आला. भला, जाडजूड, घाईतला माणूस. तबेल्याच्या दारात उभा राहून त्याने चांदणीकडे पाहिलं, मग हाशाकडे. "ही ती नाय," तो म्हणाला. "मी बारकी बघितली व्हती."

"तीच हाय," हाशा म्हणाला.

"मंग अजून बेस. दोन खेपा जास्त करील. ठरल्यापेक्षा वर देतो. चल, चढव."

बाई चांदणीच्या पलीकडे खरारा करत होत्या. खराऱ्याचा आवाज थांबला. पण त्या पुढे आल्या नाहीत. घोडी हाशाची होती, हे ठरलेलं होतं. मी पिशवी घट्ट धरली.

हाशाने दावं सोडलं. त्याने चांदणीला वळवलं, पिकअपजवळून पुढे नेलं, आणि उन्हातल्या पाण्याच्या टाकीशी उभी करून तिचं तोंड पाण्यात घातलं. मग मागे न वळता म्हणाला, "शेट, चहा पिऊन जा. घोरी इकायची नाय."

भट्टीवाल्याने बरीच घासाघीस केली. हाशा प्रत्येक वेळी फक्त चहाच विचारत राहिला. शेवटी तो माणूस वैतागून गाडीकडे वळला, तेव्हा चौगुलेबाई घोडीमागून बाहेर आल्या. डोळे पदराने टिपलेले होते, पण आवाज खणखणीत.

"ओ शेट, थांबा. तुमच्या भट्टीवर आत्ता किती घोडी आहेत?"

"हायत पाच-सा. का?"

"खायला काय घालता?"

"चना."

"बादली भरून?"

"मंग? काम करतान ती."

बाईंनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पिशवी दिली. त्यात टेप होती, यीस्टचा डबा होता; हातातला खरारा त्यांनी त्यातच टाकला. बाईंनी पिकअपचं दार उघडलं, पैठणी नेसून घोड्यावर बसावं तशा ऐटीत पुढच्या सीटवर चढल्या, आणि पिशवी मांडीवर ठेवली.

"अवो आजी, कुठं?" भट्टीवाला म्हणाला.

"तुमच्याकडं. रस्त्यात सांगतो सगळं. आधी मला सांगा, त्यांचे दात शेवटचे कोणी बघितले?"

गाडी सुरू झाली. खिडकीतून बाईंचं कोपर बाहेर, बोट हवेत. मागून दिसत होतं की भट्टीवाला एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने काहीतरी उत्तर द्यायचा प्रयत्न करतोय, आणि बाई त्याला ते पुरं करू देत नाहीयेत.